नळीला काय आवडतं

रिकामी पुंगळी ते खालच्या ओठावरून फिरवत. गोळी सुटली की रायफलीचा बोल्ट मागे ओढायचा, बाहेर उडालेलं पितळेचं नळकांडं हवेतच झेलायचं, चटका बसतोय की नाही याची फिकीर करायची नाही, आणि ते ओठावर आडवं धरून सावकाश गोल फिरवायचं. डोळे मिटलेले. न कळणाऱ्याला वाटावं, म्हातारा विडी पेटवायची विसरलाय.

"बोटं मेली माझी," ते सांगत. "लोखंड घासून घासून बोटांना आता काही कळत नाही. ओठाला कळतं. केसाएवढा फुगवटा असला तरी ओठ सांगतो."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. शिसं आणि जळकी दारू तोंडाला लावतो हा कसला माणूस, असं वाटलं. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, यावरून त्यांना रोज बोलत, आणि ते रोज ऐकून घेत. त्यांनी कुणाचं ऐकून घेतल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाशी शाळेतल्या खेळाच्या बाईचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते. बारवी धरणाच्या रस्त्याला काही हौशी मंडळींनी पत्र्याची शेड टाकून, मागे मातीचा उंच बांध घालून रायफल क्लब काढला, तेव्हा शाळेतल्या मुलींना घेऊन मी तिथे पहिल्यांदा गेले. मुली राहिल्या बाजूला, मलाच नाद लागला. पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि पन्नास मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत बसायचं. दिवसभर ग्राउंडवर शिट्टी फुंकून ओरडणाऱ्या बाईला ती शांतता औषधासारखी लागली. पुढे मी बरी नेमबाज निघाले, आणि रविवारी मुलींचा सराव घ्यायचं कामही क्लबाने माझ्याकडे दिलं.

क्लबाच्या रायफली दुरुस्तीला उल्हासनगरला जात, एका सिंधी शेठच्या बंदुकांच्या लायसन्सवाल्या दुकानात. पुढे शेठची गादी आणि मागच्या खोलीत लेथ, कानशी आणि काका. आयुष्य अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात बंदुकांच्या नळ्या तपासण्यात गेलेलं, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इथे येऊन बसलेले. लोक त्यांना काका म्हणत. मला ते पहिल्या दिवसापासून बाई म्हणाले, तेही नाखुशीने, कारण बायकांनी बंदूक धरावी हे त्यांना पटत नव्हतं. माझा नेमाचा पहिला कागद बघितल्यावर ते पटलं.

गिऱ्हाईक घालवण्याची त्यांना विलक्षण हातोटी होती. एकदा बदलापूरचा एक बिल्डर आला. जमिनीच्या व्यवहारातून नुकतीच गळ्यात जाड साखळी आली होती आणि हातात परदेशी रायफल. म्हणाला, "काका, सगळ्यात महाग गोळ्या द्या."

"महाग तुम्हाला आवडतात," काका म्हणाले. "नळीला काय आवडतं ते नळीला विचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे रायफल इथे ठेवा आणि घरी जा."

बाहेरून शेठ ओरडला, "अरे साईं, गिऱ्हाईक तोड़ रहा है मेरा."

"तुटू दे. रायफल तुटण्यापेक्षा बरं," काका म्हणाले आणि कानस उचलली.

धरणाकडच्या पाड्यातला एक शेतकरी डुकरांसाठी ठेवलेली जुनी बंदूक घेऊन येई. "काका, आवाज मोप होतो, पन डुकराला लागत नाय." काका म्हणाले, "डुकराला लागावं असं तिच्या मनात नसेल." मग छऱ्यांचे वेगवेगळे नंबर घालून त्यांनी ती क्लबाच्या रेंजवर झाडून बघितली, आणि जो नंबर त्या माणसाने कधी विकतच घेतला नव्हता तो लिहून दिला. पुढल्या खेपेला तो तांदळाची पिशवी घेऊन आला. काकांनी तांदूळ हुंगला आणि म्हणाले, "जुना आहे. मला नवा पचत नाही, बरं केलंस."

कारण खाण्याच्या बाबतीत हा माणूस कुठल्याही रायफलीपेक्षा लहरी होता. डब्यात रोज तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. शेठ कौतुकाने दाल-पकवान मागवी, काका ते हुंगत आणि परत सरकवत. शेठ मला म्हणे, "मॅडम, बंदूक से ज़्यादा नखरा तो इसका है."

आता हे नळीला विचारणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. आमच्या छोट्या रायफलींच्या गोळ्या डब्यात येतात. दिसायला सगळे डबे सारखे, पण एका डब्यातली गोळी एका नळीतून सरळ जाते आणि तीच गोळी तशाच दुसऱ्या नळीतून भरकटते. का, ते कुणाला नीट सांगता येत नाही. म्हणून रायफल लाकडी घोड्यावर घट्ट आवळायची, नेमबाजाचा हातच लागू द्यायचा नाही, आणि एकेका डब्यातल्या पाच-पाच गोळ्या कागदावर सोडायच्या. ज्या डब्याची पाचही भोकं एकात एक मिसळून चण्याएवढं छिद्र पडेल, तो त्या नळीचा आवडता डबा. मग त्याच घाण्यातला, म्हणजे त्याच खेपेला बनलेला, जेवढा माल मिळेल तेवढा घेऊन ठेवायचा.

काकांना हे करताना बघणं म्हणजे एखाद्या सासूला सून पसंत करताना बघणं होतं. "हिला पचलं नाही." "ही कुरकुर करतेय." "आता बघ कशी गप्प बसली." प्रत्येक गोळीनंतर पुंगळी ओठावर. माझ्या रायफलीसाठी डबा शोधायला त्यांनी एक अख्खा रविवार उन्हात घालवला होता, आणि तो सापडल्यावर कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता चुकलीस तर तुझं चुकलं. हिचं नाही, माझं तर नाहीच." मी त्या वर्षी जिल्ह्यात पदक आणलं. त्यांनी ते हातात घेतलं, वजन बघितलं आणि म्हणाले, "पितळ हलकं आहे."

माझा गाल रायफलीच्या दस्त्यावर नीट टेकत नव्हता. न सांगता त्यांनी जुन्या चपलेचं रबर कापून, तासून, वर मऊ चामडं लावून गालाला आधार केला. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "चप्पल काकूची होती. तिला सांगू नकोस." माझे वडील लवकर गेले. कुणी माझ्या गालाचं माप मनात धरून काही बनवावं, असं फार वर्षांनी झालं होतं. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं, हे आताच सांगून टाकते.

दुसरं त्यांचं शास्त्र प्रूफचं. नळीवर काम झालं, ती कापली, पुन्हा बसवली, गोळी बसायची जागा नव्याने कोरली, की ती सुरक्षित आहे का ते आधी तपासायचं. कायद्याने ती सरकारी चाचणीला पाठवायला हवी. त्याला महिने लागतात, आणि आमच्या क्लबाला नेहमीच घाई. म्हणून कमिटीने पळवाट काढली होती की काकांनी बघितलं म्हणजे बघितलं. काका कुरकुरत, पण आतून त्यांना ते आवडे, हे मला दिसत होतं. सरकारच्या जागी आपलं नाव घेतलं जातंय, हे कुणाला आवडणार नाही.

तरी त्यांचे नियम कडक होते. रायफल घोड्यावर बांधायची, चापाला दोरी, दोरी ओढणारा भिंतीआड. आणि गोळ्या कुठल्या? ज्या नळीला सगळ्यात नावडत्या असतील त्या. जास्त जोराच्या, मऊ पितळेच्या, जुनाट, सगळा गाळ. "आवडीचं खायला घातलं की कुणीही शहाणं वागतं, बाई," ते म्हणत. "नावडतं घालून बघायचं, त्याला प्रूफ म्हणतात."

आणि सगळ्यात वरचा नियम असा की ज्याने काम केलं त्याने प्रूफ करायचं नाही. "आई आपल्या पोराला नापास करते का?" म्हणून दोरी ओढायला आणि पुंगळ्या तपासायला त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार कल्याणहून येई. दोघं दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत. तो जोडीदार वारला, आणि ती खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या कुणाला बसवा म्हटलं की काका म्हणत, "माझं काम तपासायची लायकी आहे कुणाची इथे?"

इथेच सगळं बिघडलं होतं. आम्हाला तो त्यांचा ताठा वाटला आणि आम्ही हसलो.

मधल्या काळात कमिटीत नवे सेक्रेटरी आले होते. कामाचा माणूस, गोड बोलणारा. त्यांनी पुण्याचं एक वर्कशॉप शोधून काढलं, जिथे नळीचं काम कॉम्प्युटरच्या मशीनवर होतं. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय आणि लेथवर त्यांचा हात थरथरतो, हे शेठनेच कुणाला तरी सांगितलं. कमिटीत ठरलं की पुढलं सगळं काम पुण्याला द्यायचं. आणि क्लबाचं काम गेलं की मागच्या खोलीला अर्थ नाही, हे शेठने काकांना आडून सांगून ठेवलं होतं.

त्यातच उल्हास नदीचं पाणी शहरात शिरलं. क्लबाच्या काही रायफली सेक्रेटरींच्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या, त्या चिखलात राहिल्या. सगळ्यात चांगल्या रायफलीच्या नळीचं मागचं टोक, जिथे गोळी बसते तेच, गंजाने खाल्लं. स्पर्धा तोंडावर आली होती आणि पुण्याच्या वर्कशॉपची तारीख स्पर्धेनंतरची. काका म्हणाले, "द्या इकडे. हिचं काम बघा आणि मग ठरवा पुण्याचं."

ही रायफल म्हणजे दुकानातलं त्यांचं टेबल राहणार की जाणार, याचा निकाल होता. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, कमिटीलाही माहीत होतं.

त्यांनी गंजलेला तुकडा कापला, नव्याने जागा कोरली, नळी परत बसवली. मग मला रेंजवर बोलावलं. रायफल घोड्यावर होती, शेजारी तिचा जुना आवडता परदेशी डबा, आणि काकांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा. पाच गोळ्या झाल्या. मी कागद आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले. पाच गोळ्यांचं एकच भोक, चण्याहून लहान. रायफल नवी होती तेव्हाही तिने असं केलं नव्हतं.

सेक्रेटरींनी कागद हातात घेऊन फोटो काढला. काकांनी पुंगळ्या ओठावर फिरवल्या, एकेक करून, आणि मान डोलावली. मी विचारलं, "काका, प्रूफ?"

"झालं की आता," ते म्हणाले. "याच्यापेक्षा काय पाहिजे? बंदूक एवढं सरळ बोलली, अजून तिला काय विचारायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतकं खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तो कागद त्यांनी दुकानात लेथच्या वर चिकटवला.

स्पर्धेसाठी परदेशी डबा राखून ठेवायचा होता. रविवारच्या सरावाला सेक्रेटरींनी कपाटातून देशी डबे काढून दिले, रोजच्या सरावाचे. मुलींच्या हातात द्यायच्या आधी रायफल मी स्वतः मारून बघते, हा माझा रिवाज. पहिल्या गोळ्या ठीक गेल्या. मग एक आवाज झाला, नेहमीसारखा नाही, चिरका, तापलेल्या तेलात पाणी पडल्यासारखा. पितळ मागून फाटलं होतं. आतला जळता वायू आणि पितळेचा कीस बोल्टच्या फटीतून सरळ माझ्या उजव्या डोळ्यात आले. रेंजवर घालायचे जाड चष्मे क्लबाने कधी घेतलेच नव्हते, दर मीटिंगला ते पुढल्या महिन्यावर जात. मला आठवतं ते एवढंच की मी मुलींना मागे व्हायला सांगत होते आणि माझा आवाज मलाच लांबून येत होता.

डोळा जागेवर राहिला. दिसायचं मात्र गेलं. उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो, त्यापलीकडे नाही. मी उजव्या डोळ्याने नेम धरायचे.

काका दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आले. मी वाट बघत होते त्यांची, खरं सांगते. नवऱ्यापेक्षा जास्त वाट बघत होते. ते कॉटशेजारी उभे राहिले, बसले नाहीत. डोळ्याचं विचारलं नाही. म्हणाले, "डबा कुठला होता?"

मी सांगितलं.

"पुंगळी आहे?"

नवऱ्याने ती कागदात बांधून ठेवली होती. त्यांनी ती फाटलेली पुंगळी घेतली आणि दवाखान्यात, नर्स बघत असताना, ओठावर फिरवली. फाटलेल्या कडेने ओठावर बारीक रेघ उमटली, रक्ताची. मग ते म्हणाले, "मग बरोबर. हिला ते पितळ चालणारच नाही." आणि पुंगळी खिशात घालून निघून गेले. नवरा मागे धावणार होता, मी त्याला थांबवलं. मला वाटलं, म्हातारा हबकलाय. शुद्धीवर येईल तेव्हा बोलेल.

पट्टी असतानाच मी उल्हासनगरला गेले, कारण कमिटीने चौकशी लावली होती आणि त्याआधी मला त्यांच्याशी बोलायचं होतं. शेठ जेवायला गेला होता. मागच्या खोलीत तीच रायफल शिकंज्यात आवळलेली होती आणि टेबलावर फडक्यावर देशी डब्याच्या पुंगळ्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी क्लबाच्या रेंजवर एकट्याने जाऊन, दोरी बांधून, नावडत्या गोळ्या सोडल्या होत्या. जे आधी करायला हवं होतं ते नंतर.

मी एक पुंगळी उचलली. बोटांना काहीच कळलं नाही. मग मी ती ओठाला लावली आणि फिरवली. बुडाजवळ एका बाजूला फुगवटा होता. दुसरी घेतली. त्याच जागी. तिसरी, त्याच जागी. गोळी आत सरकायला तिथे जी खाच ठेवतात ती एका बाजूने जास्त खोल गेली होती, आणि तेवढ्या भागात पितळेला मागून आधारच नव्हता. परदेशी डब्याचं पितळ जाड, ते टिकलं. देशी डब्याचं मऊ, ते फुगलं, आणि एक दिवस फाटलं. गोळीचा दोष नव्हता. कानस जास्त चालली होती. दिसत नसलेल्या डोळ्यांनी, थरथरत्या हाताने, घाईत.

काका दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी बघितलं की माझ्या ओठाला पुंगळी आहे. मग ते आत आले, फडक्याची चार टोकं गोळा केली, गाठ मारली आणि गाठोडं खणात टाकलं.

"चहा सांगू?" ते म्हणाले.

"काका, चौकशीला खरं सांगाल ना?"

"साखर कमी घेतेस ना तू," ते म्हणाले आणि पोऱ्याला हाक मारायला बाहेर गेले ते परत आत आलेच नाहीत. मी बराच वेळ बसले आणि चहा न घेता उठले.

कमिटीला खरं नकोच होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं. नळीचं काम झालेली रायफल सरकारी चाचणीशिवाय वापरली, हे बाहेर गेलं असतं तर क्लबाचं लायसन्स गेलं असतं. त्यांना एक माणूस हवा होता ज्याच्यावर हे ढकलता येईल, आणि तो माणूस एकतर म्हातारा, नाहीतर मी. मला फक्त एवढंच हवं होतं की माझी चूक नव्हती असं कुणीतरी त्या खोलीत म्हणावं. मुलींच्या आयांनी मला विचारायला सुरुवात केली होती की बाई, तुम्ही काय केलंत?

सेक्रेटरींनी काकांना अगदी आदराने खुर्ची दिली. विचारलं, "काका, तुमचं मत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "प्रत्येक नळीचं वेगळं असतं. कुठल्या नळीला कुठला डबा चालतो, ते मी सगळ्यांना सांगत आलोय. बाईंनाही सांगितलं होतं."

"म्हणजे त्यांनी चुकीच्या गोळ्या वापरल्या?"

"त्या नळीला त्या गोळ्या चालत नाहीत," काका म्हणाले.

पाहा, यात एकही शब्द खोटा नव्हता. खरंच त्यांनी मला सांगितलं होतं, हजारदा सांगितलं होतं. पण आवडत नाही म्हणजे नेम भरकटतो. डोळा जात नाही. हे त्या खोलीत मला आणि त्यांना सोडून कुणाला कळत नव्हतं, आणि त्यांनी त्याचाच फायदा घेतला. मी फुगवट्याचं सांगितलं. सेक्रेटरींनी विचारलं, "पुंगळ्या कुठे आहेत?" काका म्हणाले, "भंगारात दिल्या." मी उभी राहून ओरडले. ओरडणाऱ्या बाईचं कुणी खरं मानत नाही, विशेषतः एका डोळ्याला पट्टी असली की. डबे काढून देणारे सेक्रेटरी मान खाली घालून लिहून घेत होते. ठरलं ते असं की प्रशिक्षिकेने अयोग्य गोळ्या वापरल्यामुळे अपघात झाला. मुलींचा सराव माझ्याकडून काढून घेतला.

आणि म्हाताऱ्याला काय मिळालं? काम तरीही पुण्यालाच गेलं. शेठने दोन महिन्यांत मागच्या खोलीत गोडाऊन केलं. मला विकून त्यांना जे वाचवायचं होतं ते काही वाचलं नाही. मला याचा आनंद झाला. मी चांगली बाई असते तर झाला नसता.

नंतर ते मला एकदाच भेटले, म्हणजे भेटले नाहीत. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर मी भाजी घेत होते. माझ्या उजव्या बाजूने कुणीतरी अगदी जवळून गेलं आणि यंत्राच्या तेलाचा वास आला. या बाजूने मला दिसत नाही. मी पूर्ण वळून बघितलं तेव्हा ते पिशवी घेऊन लगबगीने जिन्याकडे चालले होते. रस्ता मोकळा होता, डावीकडूनही जाता आलं असतं. मला हाक मारावीशी वाटली, आणि मारली नाही याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला. त्या दिवशी मी भाजी तिथेच विसरून आले.

ते गेल्याचं काकूंनी स्वतः फोन करून सांगितलं. क्लबात शोकसभा ठेवली होती. "तू ये," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ बस." मी का गेले, मला सांगता येणार नाही. शाळेतून सुटल्यावर पाय तिकडेच वळले.

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर फोटो आणि हार. फोटोत काकांनी तोच इस्त्रीचा सदरा घातला होता. सेक्रेटरी सुंदर बोलले. नळीला काय आवडतं ते नळीला विचारा, हे त्यांनी काकांच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि लोक डोळे पुसत हसले. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत काकांच्या हाताखालून गेलेल्या एकाही रायफलीने कधी दगा दिला नाही."

मी म्हणाले, "एकीने दिला."

मोठ्याने नव्हे, पण पुढच्या रांगेपर्यंत गेलं. दोन-चार डोकी वळली आणि परत सरळ झाली. काकूंनी माझं मनगट धरलं.

"मला माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरी बोलायचे. बाईचा डोळा माझ्या कानशीने गेला म्हणायचे. जेवताना ताटावरून उठायचे."

"तुम्हाला सांगितलं?"

"रोज."

"मग तिथे का नाही सांगितलं?"

"टेबल जाईल म्हणून भ्याले. आणि टेबल गेल्यावर तुझ्यासमोर यायची लाज वाटायला लागली." त्यांनी माझं मनगट सोडलं. "वाईट नव्हते गं."

मला तेव्हा जो संताप आला तो दवाखान्यातही आला नव्हता, चौकशीतही आला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाने कळूनही ते स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नाही. आणि हा रोज घरी, भाकरीसमोर बसून, माझ्या वाट्याचं वाक्य बायकोला ऐकवत होता. ते वाक्य माझं होतं. मला हवं होतं, या शेडमध्ये, याच लोकांसमोर.

मी म्हणाले, "काकू, हे आता उभं राहून सांगाल? एवढंच, जेवढं मला सांगितलंत तेवढं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे. पदर खांद्यावरून नीट घेतला. खुर्चीच्या हातावर भार देऊन त्या उठू लागल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "आता आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

खुर्च्या करकरल्या, सगळे उठले. काकू उभ्या होत्या, सगळ्यांसारख्या, मान खाली घालून. दोन मिनिटं झाली, माणसं चपला शोधायला लागली, कुणी कुणी येऊन त्यांचे हात हातात घेतले, आणि त्या प्रत्येकाला म्हणत होत्या, "हो, हो. फार चांगला माणूस होता."